दोन ठिपक्यांचं हेड

वाडी, नागपूर
६ नोव्हेंबर २०२५

चंपतराव काका यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही. दिवाळीत गोपिकाताईंनी तुमच्या कानाला फोन लावून दिला होता. मी विचारलं, पवनीकडं धान कसं आहे? तुम्ही म्हणालात, "हो, हो, पाठव." काय पाठवायचं ते मला अजून कळलेलं नाही. पस्तीस वर्षं इंजिनची हेडं घासण्याच्या मशीनवर उभं राहून तुमचे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत असं ताई म्हणाल्या. म्हणून हे पत्र.

माझी व्हॅन बसली. कोंढाळीला माल टाकून रिकामी परत येताना मागून पांढरा धूर निघू लागला. वाडीपर्यंत कशीबशी आणली. वसंतच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं तर तेलात पाणी, आणि हेडला तिसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉल्व्हच्या मधे केसाएवढा तडा.

आता मला दोन जण दोन गोष्टी सांगतात. वसंत म्हणतो, "हेड बनवून घे गा भाऊ. जुनं लोखंड आहे, मुरलेलं. आजकालच्या नव्या मालात दम नाही." पार्टच्या दुकानवाला म्हणतो, "बावीस वर्षांची गाडी, तेच हेड किती दिवस घासत बसता? नवीन टाका अन् मोकळे व्हा." दोघेही आपापल्या धंद्याचं बोलतात. तुमचा आता काही धंदा उरलेला नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. खर्चाचं मी पाहीन, ते मनात धरू नका. नवीन घ्यावं की आहे तेच बनवावं, एवढंच सांगा.

हेड सध्या माझ्या खोलीत आहे. गॅरेजमध्ये ठेवलं असतं तर कोणी भंगारात नेलं असतं. प्रेमिला असती तर तिनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. ती जाऊन तीन वर्षं झाली, आता अडवणारं कोणी नाही. स्टुलावर वर्तमानपत्र टाकून ठेवलं आहे. सकाळी वंदनेला बसतो तेव्हा समोर बुद्धांची मूर्ती असते आणि बाजूला हे. संध्याकाळी दार उघडलं की खोलीत डिझेलचा वास येतो. खरं सांगतो, बरं वाटतं. इतके दिवस खोलीला कसलाच वास नव्हता.

हेडच्या कडेवर कागद धरून पेन्सिल घासली आहे. तो कागद सोबत पाठवतो. दोन ठिपके स्पष्ट उमटले आहेत. तुमच्या दुकानाचा नियम मला पाठ आहे: एकदा हेड घासलं की कडेला लोखंडी पंच ठोकून एक ठिपका, तीन झाले की हेड भंगारात. म्हणजे अजून एक घासणी शिल्लक आहे. तडा वेल्डिंगने भरून, एकदा घासून काम होईल असं मला वाटतं.

आणखी एक. माझा धाकटा भाऊ लहानू तुम्हाला आठवत असेल. ही गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. २०१६च्या मे महिन्यात त्यानं पाणी न पाहता गाडी हाणली आणि ती तळेगावजवळ तापून बंद पडली. ओढून वाडीला आणली, तुम्ही स्वतः येऊन ती उघडली होती. रेडिएटर ठणठणीत कोरडं. त्यानंतर मी दहा लोकांसमोर लहानूच्या हातून चावी काढून घेतली. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, "पाणी भरलं होतं दादा." त्या दिवशी तो बॅग घेऊन गेला, तो गेलाच. बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात फिटर आहे असं कळतं. इथून एक तासाचा रस्ता. नऊ वर्षांत आम्ही बोललो नाही. प्रेमिलाच्या अंत्यविधीला आला होता. लांब विजेच्या खांबापाशी उभा राहिला आणि न भेटता गेला.

काल पौर्णिमा होती. विहारात बसलो असताना वाटलं, त्याला पत्र लिहून बोलवावं. माझं आता त्याच्याशिवाय रक्ताचं कोणी नाही. चूक त्याची होती, पण मोठा मी आहे. बरोबर ना?

तुमचा,
प्रेमानंद


पवनी
१३ नोव्हेंबर २०२५

प्रेमानंद,
रामराम.

तुहं पत्र भेटलं. गोपिका म्हणे, बाबा मी मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हटलं राहू दे वं, तू वाचशील तर सारी गल्ली ऐकन अन् मीच तेवढा राहीन.

नवीन घे.

तुले कारण पाहिजे असन तर ऐक. दोन वॉल्व्हच्या मधातलं अंग सगळ्यात जास्त तापते. तिथला तडा भरायचा तर पूर्ण हेड भट्टीत लाल करावं लागते, मग वेल्डिंग, मग दोन दिवस राखेत गाडून थंड करावं लागते. घाई केली की महिन्याभरात बाजूनं दुसरा तडा जाते. वसंता ते करणार नाही. तो गल्लीतून टाका मारून आणन अन् वरून रंग देईन.

नवीनही डोळे मिटून घेऊ नको. दोरीनं टांगून हातोडीनं हळू वाजव. घंटीसारखा आवाज आला तर घे, बद्द आला तर वापस कर. पाण्याच्या भोकात बोट घालून पाह्य, साच्यातली वाळू आतमध्ये राहून गेलेली असते. हे सारं तुलेच करा लागन. मले आता हेडचा आवाज येत नाही, कानात ती घासायची मशीन मात्र दिवसभर चालू राहते. बंद करायचं बटण कुठं आहे ते डॉक्टरलेही सापडलं नाही.

पेन्सिलचा कागद पाहिला. ठेवून घेतला.

लहानूले पत्र लिही. पण चूक कोणाची होती ते त्यात लिहू नको. नुसतं लिही.

चंपत


वाडी, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

चंपतराव काका यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. राग मानू नका. तुमच्या दुकानाच्या बाकावर मी डबा घेऊन दोन दोन दिवस बसलेलो आहे. लोक म्हणायचे, चंपतच्या मशीनवरून हेड वापस जात नाही. दुसऱ्यांनी टाकून दिलेली हेडं तुम्ही उभी केलेली मी पाहिली आहेत. आणि आज मी विचारतो तर तुम्ही दोन शब्दांत मोकळे होता. मशीन सुटली की माणसाचा त्या कामावरचा जीवही सुटतो का?

कामठीला एक म्हातारा कारागीर भट्टीत वेल्डिंग करतो असं कळलं आहे. दोन दिवस राखेत ठेवायलाही तयार आहे. मग हरकत कुठं राहिली? ठिपके दोनच आहेत. नियमानं एक घासणी बाकी आहे. नियम तुमचाच आहे.

नवीन हेड मी दुकानात जाऊन पाहिलं. चकचकीत आहे. हातात घेतलं तर काही वाटलं नाही. या जुन्या हेडवर आम्ही तिघांनी खाल्लेलं आहे. २०१६ला गाडी तापली तेव्हा तुम्ही सुट्टी टाकून वाडीला आलात. हेड न घासता त्याच्याखाली जाड पॅकिंग बसवून दिलंत आणि चहासुद्धा घेतला नाहीत. त्या पॅकिंगवर ते नऊ वर्षं चाललं. इतकं चाललेलं असं टाकून कसं द्यायचं?

लहानूचं पत्र अजून झालेलं नाही. चार वेळा कागद घेतला. तुम्ही म्हणता चूक लिहू नको. पण ती सोडली तर लिहायला उरतं काय? "तू कसा आहेस, मी बरा आहे." मी बरा आहे हेही खरं नाही. सध्या एका गोडाऊनमध्ये मालाच्या बिल्ट्या लिहायला बसतो. दिवसभर शंभर ठिकाणची गावं लिहितो. परवा बुटीबोरीची बिल्टी आली तेव्हा अक्षर जरा बिघडलं.

हेडचं कारण नीट सांगा. नुसतं नवीन घे म्हणू नका.

तुमचा,
प्रेमानंद


पवनी
२५ नोव्हेंबर २०२५

प्रेमानंद,
रामराम.

जीव सुटला नाही लेका.

वर्निअर लाव. वसंताकडून मोजून घेऊ नको, तू स्वतः लाव. हेडची उंची चारही कोपऱ्यांवर मोज. नवं होतं तेव्हा नव्वद मिलिमीटर होतं. एका घासणीत जास्तीत जास्त दोन दशांश जाते. तीन ठिपक्यांनंतर एकोणनव्वद पूर्णांक चार. त्याच्या खाली गेलेलं हेड वापरत नाही, मग त्याले सोन्याचं वेल्डिंग कर.

जे निघन ते मले कळव.

चंपत


वाडी, नागपूर
१ डिसेंबर २०२५

चंपतराव काका यांस,
सप्रेम जयभीम.

मोजलं. हेड घासून पुसून स्वच्छ केलं, चारही कोपऱ्यांवर तीन तीन वेळा वर्निअर लावला. एकोणनव्वद पूर्णांक दोन. दोन ठिपक्यांच्या हेडची उंची एकोणनव्वद पूर्णांक सहा हवी. चार दशांशांचा फरक. म्हणजे हे हेड मर्यादेच्याही खाली गेलेलं आहे आणि त्या घासणीचा ठिपका त्यावर नाही.

दोन दिवस विचार केला. मग ध्यानात आलं. तुमच्याकडून मार्च २०१६मध्ये हेड नीट करून आणलं, तेव्हा फक्त वॉल्व्हचं काम होतं असं तुम्ही सांगितलं होतं. त्यानंतर एप्रिलमध्ये मी काविळीनं पंधरा दिवस पडून होतो. गाडी लहानूकडं होती. त्याच दिवसांत त्यानं ती तापवली असणार, आणि मला कळू नये म्हणून ठिपका न मारणाऱ्या कुठल्यातरी दुकानातून हेड घासून आणलं असणार. मग मे महिन्यात पॅकिंग फुटलं. मी इतकी वर्षं धरून चाललो की तो पाणी भरायला विसरला. विसरणं माणसाचं होतं. हे लपवणं आहे.

तुम्हाला पेन्सिलच्या कागदावरूनच शंका आली असेल. माझ्या भावाचं नाव तुमच्या तोंडून निघू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात आणि मला वर्निअर लावायला सांगितला. एवढा मोठेपणा कोण दाखवतं? मी मागच्या पत्रात तुम्हाला टोचून लिहिलं, त्याची माफी मागतो.

नवीन हेड घेतो. तुमचं म्हणणं खरं होतं.

लहानूचं पत्र अर्धं झालं होतं. ते फाडलं. आता लिहिणार नाही. मला वाटायचं, मी चुकीचा कठोर झालो असेन. तसं नव्हतं तर. एवढं कळलं तेही बरंच झालं, पण बरं वाटत नाही.

तुमचा,
प्रेमानंद


पवनी
१६ डिसेंबर २०२५

प्रेमानंद,

दहा दिवस तुहं पत्र उशाखाली ठेवून झोपून राहिलो. गोपिका म्हणे, बाबा तुमाले ताप आहे का? ताप नाही.

ते हेड म्या घासलं. लहानूनं नाही.

मार्च २०१६. तू हेड घेऊन आला, दोन ठिपके होते. पट्टी लावून पाहिलं तर मधातून वाकलेलं. सरळ करायले चार दशांश काढा लागत होते, जागा होती दोनाचीच. तुले म्हणायचं होतं की बाबा, हे गेलं, नवीन आण. पण तू बाकावर डबा घेऊन बसला होता, अन् दुकानातले सारे पाहून राहिले होते की आता चंपत काय करते. चंपतच्या मशीनवरून हेड वापस जात नाही, हे तू लिहिलं ना? ते वाक्य मले लय गोड लागत होतं. त्या गोडीपायी चार काढले. तुले सांगितलं वॉल्व्हचं काम केलं.

ठिपका काहून मारला नाही, तेही सांगतो. तीन ठिपक्यांचं हेड दुकानाचा मालक स्वतः मोजल्याशिवाय बाहेर जाऊ देत नव्हता. ठिपका मारला असता तर मी पकडलो गेलो असतो. पस्तीस वर्षांत तेवढा एक ठिपका चुकवला.

मग मे महिन्यात तुहा निरोप आला. मी सुट्टी टाकून आलो ते उपकार करायले नाही आलो. उघडलं अन् समजलं. अंग पातळ झालेलं, त्यानं उष्णता धरली नाही, पॅकिंग फुटलं अन् पाणी सारं तिथून गेलं. पॅकिंग आधी फुटलं, रेडिएटर मागून कोरडं झालं. तू उलटं धरलं. घासायले जागा नव्हती म्हणून जाड पॅकिंग टाकलं. त्याले तू नऊ वर्षं माही कारागिरी समजून राहिला.

तू मले विचारलं, "पोट्ट्यानं पाणी पाहिलं नाही, नाही का काका?"

मी मान हलवली.

लहानू तिथंच होता, पाना धरून. त्यानं माह्याकडं पाहिलं. मी खाली पाहून बोल्ट पुसत राहिलो. मग तू त्याच्या हातची चावी घेतली.

मले वाटलं होतं तू गुपचूप नवीन हेड घेशील अन् हे जुनं भंगारात जाईन, माह्यासंगं. वर्निअर यासाठी लावायले सांगितला की तू समजशील अन् मले सांगा नाही लागणार. तू समजला, पण माह्यावर नाही आला, त्याच्यावर गेला. एका मान हलवण्यात त्याचे दोन गुन्हे झाले. आता तिसऱ्या खेपेले गप्प बसणं जमलं नाही.

हे पत्र त्याले दाखव. माफी मागत नाही, मागायले तोंड नाही.

चंपत


वाडी, नागपूर
२० डिसेंबर २०२५

लहानू,
जयभीम.

तुझा नंबर माझ्याकडं नाही. कारखान्याच्या गेटच्या पत्त्यावर लिहितो आहे. चंपतकाकांचं पत्र सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच, मग हे.

तू पाणी भरलं होतंस. मी हे लिहून देतो. ज्या दहा लोकांसमोर तुझ्या हातून चावी घेतली, त्यांतले सहा अजून स्टँडवर असतात. त्यांना काल मी हे तोंडानं सांगितलं. दोघांना ती गोष्ट आठवतच नव्हती. एक म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, जुन्या गोष्टी." मला वाटलं होतं सगळ्यांना पाठ असेल. ती फक्त आपल्या दोघांनाच पाठ आहे.

मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही असं नऊ वर्षं म्हटलं, आणि मी बोललोही नाही. पण खरं बोलणाऱ्याला खोटं ठरवलं. ते कोणत्या शीलात बसतं याचा कधी विचार केला नाही. काकांनी एकदा मान हलवली. त्यांच्या मानेवर ढकलून मला मोकळं होता येईल, पण मी त्यांना विचारलं ते कसं विचारलं ते आठवतं. उत्तर आधीच माझ्या प्रश्नात होतं.

वीस दिवसांपूर्वी मी तुझ्यावर आणखी एक आळ घेतला होता. तो काकांच्या पत्रात आहेच. लपवत नाही.

तुझी वहिनी जाण्याआधी दोनदा म्हणाली होती, "भाऊजीले बोलवा." मी म्हटलं, तू बरी झालीस की बोलवू.

जुनं हेड आता काढून टाकतो. नवीन घ्यायचं ठरलं आहे, पुढच्या पंधरवड्यात बसेल. तू ये असं म्हणत नाही. मला तो हक्क राहिलेला नाही. मला क्षमा कर, एवढं लिहितो. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझा,
दादा


वाडी, नागपूर
९ जानेवारी २०२६

चंपतराव काका यांस,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. लिहिण्यासारखं मन नव्हतं. तुमच्यावर राग आहे. तो नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. पण मान तुम्ही हलवली, चावी मी घेतली. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि माझं माझ्याकडंच राहू द्या.

दुकानदारानं पहिलं नवीन हेड दिलं, ते दोरीनं टांगून वाजवलं. बद्द आवाज आला. परत केलं. तो म्हणाला, "कोणत्या जमान्यातले आहात भाऊ? हेड आहे, मंदिराची घंटा नाही." दुसरं यायला आठ दिवस लागले. ते छान वाजलं. पाण्याच्या एका भोकातून चिमूटभर वाळू निघाली, धुऊन घेतली. काल वसंतनं बसवलं. गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली. तुम्ही सांगितलं नसतं तर पहिलंच बसवून मोकळा झालो असतो. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

जुनं भंगारवाल्याला देण्याआधी वसंतकडचा पंच घेतला आणि राहिलेला ठिपका मारून दिला. वसंत म्हणाला, "भंगारातल्या हेडले आता काहून मारता?"

खोलीत स्टूल रिकामं आहे. दोन महिने माल दुसऱ्या गाड्यांनी गेला, त्यामुळं गाडी चालू झाली तरी काम थोडंच आहे. लहानूचं उत्तर नाही. वीस दिवस झाले. येणार नाही असं धरून चाललो आहे.

थंडी आहे. कानाला मफलर बांधत जा, ऐकू येत नसलं तरी.

तुमचा,
प्रेमानंद


बुटीबोरी
१३ जानेवारी २०२६

दादा,
जयभीम.

पत्र गेटवरच्या वॉचमननं दिलं. तवापासून डब्याच्या पिशवीत घेऊन फिरून राहिलो.

पाणी म्या भरलं होतं हे मले नऊ वर्षांपासून माहीत आहे. कोंढाळीच्या हापशीवर दोन कॅन भरून टाकलं होतं. तुले आता कळलं. वर्निअरनं कळलं, काकाच्या कागदानं कळलं. म्या तोंडानं सांगितलं तवा नाही कळलं.

काकावर माहा राग नाही. काका बाहेरचा माणूस, त्याले आपली इज्जत सांभाळाची होती. पण मले वाटलं होतं, हेड कसंही निघो, तू म्हणशील की लहानू म्हणते भरलं तर भरलं असन. एवढंच पाहिजे होतं. ते आता हेडची उंची मोजून कसं भेटन? काकानं पत्र नसतं लिहिलं तर मी आजही तुह्यासाठी खोटाच होतो, अन् डबल खोटा. हे लिहून तुले टोचाचं नाही. पण माफीचं काय करायचं ते मले समजून नाही राहिलं. ठेवून घेतली आहे.

स्टँडवर लोकांले सांगत कशाले फिरला? त्यायचं काय होतं त्यात?

वहिनीचं लिहिलं ते वाचून मशीन बंद करून बाहेर जाऊन बसलो. सुपरवायझर म्हणे, "क्या हुआ लहानू, घर पे सब ठीक?" मी म्हटलं ठीक.

नवीन हेड बसलं असन आता. वसंतानं बोल्ट कशानं आवळले? जोर मोजून आवळाच्या टॉर्क पान्यानं, का नुसता पाइप टाकून हाताच्या अंदाजानं? तो अंदाजवालाच आहे. नवीन हेड, नवीन पॅकिंग पाचशे किलोमीटर चाललं की दबून बसते अन् बोल्ट ढिले पडतात. तवा एक खेप पुन्हा आवळाच लागते, नाही तर वर्षभरात पॅकिंग फुटन. वसंता म्हणन काही गरज नाही. त्याचं ऐकू नको.

पाचशे झाले की गाडी गेट नंबर दोनपाशी आण. माह्यापाशी बरोबर मापाचा पाना आहे. इंजिन पुरं थंड पाहिजे, म्हणून सकाळीच आणून उभी करजो. माही शिफ्ट साडेतीनले सुटते. पाचशेच्या आधी आणू नको, उपयोग नाही.

अन् त्या दिवशी मागचं काही काढू नको. मी आवळून देईन अन् जाईन.

लहानू


वाडी, नागपूर
२१ जानेवारी २०२६

लहानू,
जयभीम.

पत्र मिळालं. तू जे लिहिलंस ते बरोबर आहे.

वसंतला विचारलं. पाइप टाकूनच आवळले आहेत. म्हणतो, "माहा हातच टॉर्क पाना आहे." पुन्हा आवळायचं म्हटलं तर हसला.

काम अजून कमी आहे. हेड बसल्यापासून बारा दिवसांत एकशे नव्वदच किलोमीटर झाले होते. काल माल नव्हता, तरी गाडी काढली. काटोलपर्यंत गेलो. टपरीवर चहा घेतला. चहावाला मागं डोकावून म्हणाला, "काय आणलं भाऊ, का घेऊन चालले?" म्हटलं, काहीच नाही. तो बराच वेळ गाडीकडं पाहत होता. मग तसाच परत आलो. आता दोनशे नव्वद झाले आहेत. आजही माल नाही. सावनेरला जाऊन येतो, उद्या परत काटोल. रस्ता मोकळा आहे आणि गाडी आवाज न करता चालते.

मागचं काही काढणार नाही. सकाळी आठलाच गेट नंबर दोनपाशी उभी करीन आणि साडेतीनपर्यंत तिथंच थांबेन.

बाहेरच्या रिंग रोडनं इथून तुझं गेट पस्तीस किलोमीटर आहे. मीटर चारशे पासष्टवर आला की गाडी घरी उभी करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो. म्हणजे तुझ्या गेटपाशी पाचशे होतील. आधी नाही.

दादा